‘ड’च्या पायातला बूट

“ही काय अक्षरं म्हणायची? एकेकाला गमबूट घातलेत नुसते.”

सुवर्णाच्या अगदी कानाशी कुणीतरी कुरकुरलं. सिन्नरहून नाशिकला निघालेल्या जीपच्या मधल्या सीटवर चौघांच्या जागेत पाच जण बसले असले, की शेजारच्याची कुरकुर ऐकायची की नाही हे आपल्या हातात राहत नाही. कुरकुरणारा मांडीवर पिशवी धरून पुढच्या काचेतून बघत होता. पुढे भाजीच्या रिकाम्या कॅरेटांचा टेम्पो चालला होता. निळ्या प्लास्टिकच्या कॅरेटांवर एकच नाव चाळीस वेळा, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये: गेणू खालकर, सायखेडा.

“इथून वाचता येतंय ना? मग झालं की,” त्याच्या पलीकडचा म्हणाला. “माझ्या कॅरेटवरचं नाव मलाच वाकून वाचावं लागतं.”

“ते हाय वो. पण त्या ‘ड’ला पण बूट? ‘ड’ला कुठं पाय राहतो?”

“पेंटरला हौस असंल.”

“हौस नाय, डोकं फिरलं असंल.”

सुवर्णाने पदर तोंडाशी नेला. हसू दाबायला नेला होता, पण हसू आलंच नाही. लोक आता ‘ड’ बघायला लागले. आज ‘ड’ला पाय कसा म्हणून विचारतात, उद्या का म्हणून विचारतील. पुढच्या फाट्यावर टेम्पो सायखेड्याच्या अंगाला वळला, तेव्हा तिने मोकळा श्वास घेतला.

कारण ते बूट तिने घातले होते. आणि हे जगात दोनच माणसांना माहीत होतं: तिला आणि तिच्या नवऱ्याला. दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता.

तिच्या पर्समध्ये डॉक्टरांचा कागद होता, आणि त्यावर पेशंटचं नाव नव्हतं. नाशिकमध्ये डॉक्टर काय कमी आहेत? पण नाशिकमध्ये कुणीही भेटतं आणि ‘वहिनी, इकडे कुठे?’ म्हणतं. म्हणून ती बहिणीकडे जाते सांगून सिन्नरला गेली होती.

“पेशंट कुठाय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

“घरी.”

“मग तुम्ही?”

“मी त्यांची लक्षणं घेऊन आलेय.”

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. पण बाई चांगल्या होत्या, ऐकून घेतलं. हात थरथरतो. कप उचलला की, चावी कुलपात घालायची असली की. नुसता मांडीवर ठेवला की शांत असतो. “बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण अशी थरथर खूप जणांना असते आणि दरवेळी घाबरण्यासारखं काही नसतं. औषधं आहेत. घेऊन या त्यांना. तोवर चहा जरा कमी करून बघा.” तपासण्यांची नावं लिहिलेला कागद देताना त्यांनी वरची नावाची रेघ रिकामीच ठेवली. “आणाल तेव्हा भरू.”

आणाल तेव्हा. सुवर्णाला तेवढंच जमत नव्हतं. ‘चला डॉक्टरकडे’ म्हटलं की ‘कशाला’ येणार, आणि ‘कशाला’चं उत्तर म्हणजेच ती गोष्ट.

तिच्या नवऱ्याचं, सावळीराम पेंटरचं दुकान नाशिकला पेठ रोडवर, भाजीचा माल उतरतो त्या बाजूला. पस्तीस वर्षं त्याच जागेत. फ्लेक्स आले तेव्हा दुकानांच्या पाट्या गेल्या, लग्नाचे बोर्ड गेले, पण कॅरेटवर फ्लेक्स चिकटत नाही. ट्रॉलीच्या फळ्या, जीपच्या पाठी आणि कॅरेट, एवढं त्याच्याकडे राहिलं आणि त्याला ते पुरलं. खडूच्या पुडीत घोळवलेला दोरा ताणायचा, टिचकी मारायची, रेघ उमटते. डाव्या हातात काठी, काठीवर उजवं मनगट टेकवायचं आणि ब्रश वरून खाली एका दमात ओढायचा. सावळीरामचा काना, अक्षराची ती उभी रेघ, बघायला लोक थांबायचे.

त्याचे उस्ताद म्हणजे वाळू पेंटर. म्हातारपणी वाळूअण्णांचा हात थरथरायला लागला. एकदा दुकानातच कुणीतरी हसलं. त्या दिवशी अण्णांनी सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले, आणि ते फडकं पुन्हा सोडलं नाही. पुढची नऊ वर्षं घराच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचत काढली. सावळीराम ही गोष्ट फार अभिमानाने सांगायचा. “पेंटरने असं थांबावं. हात गेला, ब्रश धुतला. विषय संपला.” ऐकणारे माना डोलवायचे. सुवर्णा मात्र दरवेळी त्या पायरीचा विचार करायची. नऊ वर्षं. एका पायरीवर.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, गेणू खालकरचे चाळीस कॅरेट आले होते. गेणू सायखेड्याचा, टोमॅटो आणि कोबी करणारा, बोलायला मोकळा, आणि वेळेला पक्का. चार वाजता येतो म्हणाला म्हणजे पावणेचारला गाडी लावणार. सुवर्णा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली तेव्हा सावळीराम जेवला आणि आतल्या खाटेवर आडवा झाला. रोजच्यासारखाच. ती डबे आवरून बाहेर आली आणि वाळत घातलेल्या कॅरेटांकडे तिचं लक्ष गेलं.

काना वरून छान सुरू झालेला, मधे सरळ, एका दमातला. पण खाली, जिथे ब्रश उचलायचा असतो, तिथे टोक उंदराने कुरतडल्यासारखं. एकावरच नाही, चाळीसही कॅरेटांवर. हे तिला आधी कपांवरून कळलं होतं. बशीत चहा सांडायला लागला होता, आणि हा माणूस बशी आपणच पटकन धुवून टाकायचा. जन्मात कधी बशी न धुतलेला माणूस! तेव्हा तिने मनाला समजावलं होतं. पण अक्षर म्हणजे कप नव्हे. चालता ब्रश शहाणा होता, थांबायची वेळ आली की वेड्यासारखा करायचा.

दोन वाजले होते, चारला गेणू येणार होता. प्लास्टिकवर ओला रंग पुसायला जावं तर फरफटतो. खरवडायला जावं तर कॅरेटवर ओरखडे. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं ती त्याच्या अक्षरांत रंग भरायची. शिकवलं कुणी नव्हतं, बघून बघून हात बसला होता. तिने चपटा ब्रश घेतला आणि ‘ग’च्या कान्याच्या फाटक्या टोकावर आडवा चौकोनी ठोकळा बसवला. फाटकं टोक ठोकळ्याखाली गेलं. दिसेनासं झालं.

पण एकाच अक्षराला पाय म्हणजे एका पायात चप्पल घालून लग्नाला गेल्यासारखं. मग ‘ण’ला दिला. ‘ख’ला, ‘ल’ला, ‘क’ला. ‘र’ची शेपटी बाहेर निघते, तिलाही दिला. मग कॅरेटामागून कॅरेट, घाईघाईत, एक कान आतल्या घोरण्यावर ठेवून. आणि त्या घाईतच ‘सायखेडा’मधल्या ‘ड’लाही दिला. ‘ड’ला खाली उभा काना नसतो, तो मांडी घालून बसल्यासारखा वळतो आणि थांबतो. त्या वळलेल्या टोकावरच हिने ठोकळा चिकटवला. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या एका पायात बूट. चुकलं हे तिला चाळिसाव्या कॅरेटवर कळलं. तोपर्यंत घोरणं थांबलं होतं.

सावळीराम बाहेर आला. कॅरेटांकडे बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला, परत बघितलं. सुवर्णा पाठमोरी उभी राहून डब्याची झाकणं मोजत होती. चारच होती, पण ती बराच वेळ मोजत राहिली.

“चहा ठेव,” तो म्हणाला.

एवढंच. पावणेचारला गेणूची गाडी लागली.

“पेंटर!” गेणू दारातूनच ओरडला. “हे अक्षर हाय का पहिलवान? शड्डू ठोकून उभं हाय नुसतं!”

आठ दिवसांनी गेणू फक्त हे सांगायला मुद्दाम आला, की लिलावाच्या शेडमध्ये या टोकाला उभं राहून त्या टोकाची आपली थप्पी ओळखू येते. आणि महिन्याने आला तेव्हा त्याने एक कॅरेट उलटं करून दाखवलं. कॅरेट म्हणजे फेकायची चीज. घासतात, आपटतात, धुतात. आधीच्या अक्षरांची बारीक टोकं पहिल्यांदा उडायची आणि मग ‘ख’चं काय नि ‘र’चं काय, सगळं एकच. या अक्षरांचे पाय मात्र जागच्या जागी होते. “वहिनी, तुम्हाला सांगतो, पेंटरनं डोकं लावलंय,” गेणू म्हणाला. सुवर्णाने चहा गाळण्यात लक्ष घातलं.

मग गेणूचे भाऊबंद आले, मग शेजारच्या गावचे. पुढच्या ऑर्डरीला तिने चोरून पाहिलं, तर सावळीराम स्वतःच टोकाटोकाला ठोकळे बसवत होता. चपट्या ब्रशने, एका दमात, थांबायची वेळच येऊ न देता. आणि ‘सायखेडा’ आलं तेव्हा त्याने ‘ड’लाही बूट घातला. एखाद्या अनुस्वारावरून उस्तादांशी भांडलेला हा माणूस, त्याला ‘ड’ला पाय नसतो हे ठाऊक नव्हतं होय? तिची चूक त्याने जशीच्या तशी उचलली होती.

त्या ‘ड’वरून तिला कळलं की त्याला कळलंय. आणि त्यालाही कळलं असणार की हिला कळलंय. इतकं सगळं कळल्यावर बोलायचं काही राहत नाही असं वाटतं, आणि नेमकं बोलायचंच राहतं. घरात मधोमध मोठं कपाट असावं तसं ते झालं. सगळे त्याला वळसा घालून चालायचे. त्यांचा मुलगा रविराज कंपनीतून आला की पप्पांना पाणी द्यायचा, तर पेला अर्धाच भरायचा. मागच्या वर्षी त्याने बशीवाल्या कपांऐवजी मोठे मग आणले. “फॅशन आहे आई,” म्हणाला. सुवर्णा म्हणाली, “असेल.”

आणि मग, सिन्नरच्या त्या खेपेनंतर आठवड्याने, पूजा आली.

ती अक्षररचना शिकवणारी, शहरातल्याच कॉलेजात. बाजारात भाजी घ्यायला आली आणि कॅरेटांचे फोटो काढत बसली. विचारत विचारत दुकानापर्यंत पोचली आणि उलट्या कॅरेटवर बसकण मारली. केस बारीक कापलेले, झोळीत वही.

“काका, तुम्ही काढता त्याला आमच्याकडे नाव आहे, माहितीये?”

“आमच्याकडे त्याला नाव म्हणतात. गेणू खालकर,” सावळीराम म्हणाला.

ती हसली. “इंग्रजी अक्षरांच्या टोकांना बारीक पाय असतात ना, पुस्तकात बघा, त्याला सेरिफ म्हणतात. तो पाय जाड, चौकोनी, फरशीसारखा केला की स्लॅब सेरिफ. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे रस्त्यांवर मोठमोठ्या जाहिराती लागायला लागल्या, तेव्हा हे जोरात आलं. पुस्तकातलं नाजूक अक्षर भिंतीवर कोण वाचणार? गर्दीत ओरडून सांगायचं तर अक्षराला दम पाहिजे, आणि उभं राहायला पाय पाहिजेत.”

“बरोबर आहे,” सावळीराम खुलला. “लिलावात तेच.”

“मग टाइपरायटर आले. त्यात प्रत्येक अक्षराला जागा सारखीच. एखादं काडीसारखं अक्षर असेल तर दोन्हीकडे बोडकी जागा राहते. म्हणून त्याला रुंद पाय दिले, की ऐसपैस बसतं.”

“कोर्टाबाहेर टायपिस्ट बसायचे. त्यांच्या कागदावर असायचं तसं, पाहिलंय मी.” त्याने सुवर्णाकडे वळून बघितलं. “ऐकलंस का? आपल्या अक्षराला आडनाव आहे.”

आपल्या, म्हणाला. सुवर्णाने ते ऐकलं.

“पण तुमच्यात एक गंमत आहे,” पूजा म्हणाली. “जाड असून मारकुटं वाटत नाही. दणकट आहे, पण प्रेमळ. ओझं उचलायला आलेल्या मावशीसारखं.”

सुवर्णाने पदर सारखा केला. कुणी तिला आजवर असं काही म्हटलं नव्हतं, आणि आत्ताही म्हटलं नव्हतं म्हणा.

पूजाला त्या अक्षरांचा फॉन्ट करायचा होता. म्हणजे कुणीही मोबाइलवर, कॉम्प्युटरवर टाइप केलं की सावळीराम पेंटरचं अक्षर उमटणार. गेणूला खोक्यांवरची लेबलं छापता येतील, बचत गटाच्या बायकांना मसाल्याच्या पाकिटांवर नाव घालता येईल. फॉन्टला नावही काकांचंच. त्यासाठी गुरुवारी ती कॅमेरा घेऊन येणार, आणि काकांनी सगळी अक्षरं तिच्यासमोर काढायची.

सुवर्णाला वाटलं, हा आता नाही म्हणेल. तो म्हणाला, “या की.”

नंतरचे चार दिवस तिने कसे काढले तिचं तिला माहीत. कॅमेऱ्यासमोर हात थरथरला, कुणीतरी हसलं, की फडकं बाहेर येणार. मग ती पायरी. कागद तिने स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे सरकवला होता. चहापत्ती निम्म्यावर आणली होती.

“हा चहा आहे का भांडं विसळलेलं पाणी?” सावळीरामने विचारलं.

“नवीन पत्ती आहे. हलकी असते.”

“पत्ती हलकी की हात हलका?”

ती दचकली. ‘हात’ हा शब्द त्या घरात बऱ्याच दिवसांनी मोठ्याने आला होता. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. तो मगात बघत राहिला, मग सगळा चहा निमूट पिऊन टाकला.

बुधवारी रविराज ओट्याशी येऊन घुटमळला. “आई, उद्या लाइट जाणार आहे असं सांगू का त्या मॅडमना?”

“का रे?”

“नाही... असंच.”

“दिवसा येणारेत त्या. लाइट कशाला लागतो?”

“हो, ते पण आहे.” त्याने ओट्यावरची सुरी उचलली, परत ठेवली. “मी सुट्टी टाकतो उद्या.”

“का?”

“असंच.”

“टाक,” ती म्हणाली, आणि दोघांनी मिळून एक जुडी मेथी निवडली. निवडायला काही अर्थ नव्हता, भाजी पालकाची होती.

गुरुवारी अकराला पूजा आली. तीन पायांचा स्टँड, त्यावर कॅमेरा. सावळीराम इस्त्रीचा सदरा घालून स्टुलावर बसला होता, खिशात चष्म्याचं घर. रविराज दारात. गेणूही हजर होता, कोरं निळं कॅरेट काखेत मारून. “सुरुवात माझ्या नावानं झाली होती, तर शूटिंग पण माझ्याच नावाचं होणार,” तो म्हणाला. सुवर्णा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिथून हात दिसत होता.

दोरा ताणला, टिचकी वाजली, रेघ उमटली. सावळीरामने काठी धरली आणि ‘ग’ ओढला, झपकन, वरून खाली. चपटा ब्रश, ठोकळा. डोळ्याचं पातं लवायच्या आत अक्षर उभं. गेणूने टाळी वाजवली.

“वा, काका! आता परत, पण अगदी सावकाश. मला प्रत्येक रेघ कुठे सुरू होते आणि कुठे थांबते ते बघायचंय.”

सुवर्णाने चौकट घट्ट धरली. सावकाश! नेमका तोच शब्द. सायकल जोरात असली की तोल राहतो, हळू केली की डुगडुगते, तशातली गत. पण सावळीरामने काढलं. थांबत थांबत, ‘ग’, मग ‘ण’. टोकं कुरतडली, ठोकळ्यांनी झाकली. कपाळावर घाम आला. मग पूजा वाकली आणि म्हणाली, “आता ‘ड’. काका, हे मला पहिल्या दिवसापासून विचारायचंय. बाकीच्यांना पाय दिलेत ते समजतं. पण ‘ड’ला? मी तरी असा पाय कुठे पाहिला नाही. आणि तो इतका छान बसलाय. हे सुचलं कसं तुम्हाला?”

सावळीरामने ‘ड’ अर्धा ओढला होता. ब्रश वळणाच्या टोकाशी आला आणि तिथेच, कॅरेटपासून बोटभर अंतरावर, हवेत थांबला. ब्रशचं टोक थरथरायला लागलं. आधी थोडं, मग चांगलंच. पांढऱ्या रंगाचा एक थेंब सुटला आणि निळ्या प्लास्टिकवरून ओघळत खाली गेला.

“वारं सुटलंय,” गेणू एकदम म्हणाला. “शटर अर्धं ओढू का?”

“पप्पा, तो स्टूलच डगमगतो,” रविराज पुढे झाला. “थांबा, मी दुसरा आणतो.”

“सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या,” सुवर्णा बोलून गेली. पोह्यांच्या दोन बश्या तिने स्वतः वाढल्या होत्या.

“नाही नाही, माझाच स्टँड हलतोय!” पूजा घाईघाईने म्हणाली. “कॅमेऱ्यात सगळंच हलताना दिसतंय. माझीच चूक!”

बाहेर समोरच्या टपरीवर लटकवलेल्या वेफर्सच्या माळा जराही हलत नव्हत्या. स्टूल चारही पायांवर घट्ट उभा होता. पूजाच्या स्टँडला कुणी शिवलंही नव्हतं. सावळीरामने मान वर केली. आधी गेणूकडे पाहिलं, तर गेणू शटरकडे बघत होता. रविराजकडे पाहिलं, तो स्टुलाकडे. पूजाकडे, ती कॅमेऱ्याच्या बटणांकडे. शेवटी सुवर्णाकडे. ती मात्र त्याच्याकडेच बघत होती. आता कुठे बघायचं हे तिला सुचलंच नव्हतं.

चार माणसं, चार सबबी, आणि सगळ्या आधीपासून तयार. म्हणजे गेणूलाही माहीत होतं. भाऊबंदांना त्याने उगाच नव्हतं धाडलं. रविराजचे मग फॅशनचे नव्हतेच. ही कालची पोर, हिलाही पहिल्या दिवशीच दिसलं होतं. आणि कुणी हसलं नव्हतं. एकही जण.

हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना सुवर्णाने पाहिलं. दोन वर्षं उचलून धरलेले खांदे खाली आले. तो हसला. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, इतका की चष्मा घसरला.

“गेणू, शटर राहू दे. रवी, स्टूल धड आहे. आणि पोह्यांनी मला ढेकर येतायत, उगाच उपाशी ठेवू नकोस मला,” तो म्हणाला. “पूजाताई, कॅमेरा चालू आहे ना?”

“आहे. बंद करू का, काका?”

“नको. तुम्ही ‘ड’चं विचारलंत. तो मला नाही सुचला. ‘ड’ला पाय हिने दिला. सगळ्याच अक्षरांना हिनेच दिले आधी, मी आत झोपलो होतो तेव्हा. ‘ड’चा तर घाईत चुकून दिला असणार. पण मला तो आवडला.”

त्याने चपटा ब्रश उचलला, फडक्याला पुसला, आणि दांडा तिच्याकडे करून पुढे धरला.

“ये इकडे. मधलं मी ओढतो. टोकं तू बांध. फॉन्टवर नावं दोन घाला, ताई.”

ती पुढे आली. ब्रश घेतला. तेव्हा त्याने चष्म्याच्या घरामागून, सदऱ्याच्या खिशातून, घडी घातलेला एक कागद काढला. वरची रेघ रिकामी असलेला, तांदळाचं पीठ लागलेला.

“यावर नाव घालायचं राहिलंय,” तो तिला म्हणाला. “घाल माझं. शनिवारी जाऊ सिन्नरला. आणि तोवर चहा निम्म्या पत्तीचाच कर, काही हरकत नाही.”

पूजा कॅमेऱ्यामागून बाहेर आली होती. तिला सगळं समजलेलं होतं, तरी तिने विचारलं, अगदी हळू, कुणीतरी विचारायलाच हवं होतं म्हणून.

“पण काकूंनी पाय का दिले, काका?”

गेणूने शटरवरचा हात काढला. रविराज सरळ उभा राहिला. सावळीरामने उजवा हात काठीवरून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. तो थरथरत होता, आणि त्याने त्याला थरथरू दिलं.

“कारण माझा हात थरथरतो,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली.”